स्टिअरिंग खेळतंय? आधी गाडीखाली झोपा, मग पाना उचला

उंच केलेली, मोठे टायर घातलेली जिप्सी किंवा जीप घेऊन ‘स्टिअरिंग ढिले झाले’ म्हणत गॅरेजात गेलात, की पहिला हात बहुधा स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावरच्या स्क्रूकडे जातो. पाव फेरा आवळला, स्टिअरिंग घट्ट लागले, गाडी बाहेर. महिन्याभरात प्ले (स्टिअरिंगची रिकामी हालचाल) परत येतो, आणि वर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होणेही थांबलेले असते. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार. बॉक्स हा तपासणीतला शेवटचा थांबा आहे. त्याआधी स्टिअरिंगच्या शाफ्टपासून चाकापर्यंत एकेक सांधा तपासायचा.

इथे विचार केला आहे तो पुढे सलग ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांचा: मारुती जिप्सी, महिंद्राच्या एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, क्लासिक आणि जुन्या विलीज वळणाच्या जीप. २०२० साली आलेल्या थारची पुढची बांधणी वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटी थोडे.

गोव्यात या सांध्यांचे आयुष्य तसेही कमी. किनाऱ्यालगत खारी हवा, उन्हाळ्यात जांभ्याची बारीक तांबडी धूळ, आणि कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या वाटेसारखे ओढ्यातले रस्ते. पाण्यात बुडालेल्या सांध्याचे रबरी बूट फाटलेले असले, तर आतले ग्रीस एका मोसमात कॉफीच्या रंगाचे होते. म्हणजे पाणी आत शिरले आणि आता धातूवर धातू घासतो आहे.

नेमकी तक्रार कोणती?

‘ढिले’ या एका शब्दात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला, खरा प्ले. स्टिअरिंग थोडे फिरते, पण चाके जागची हलत नाहीत. कुठला तरी सांधा झिजलेला आहे.

दुसरा, भटकणे. प्ले फारसा नसतो, पण गाडी सरळ रेषा धरत नाही. मांडवीवरच्या अटल सेतूवर बाजूने वारा आला की सारखी दुरुस्ती करत राहावी लागते. यात सांध्यांपेक्षा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागचा कल), टो (चाके पुढून किती आत वा बाहेर वळली आहेत ते), टायरची हवा किंवा पाट्यांची बुशे (टोकांतली अस्तरे) जास्त दोषी असतात.

तिसरा, थरथर. ताशी ५० ते ७० किमीच्या आसपास खड्डा लागला की पुढची चाके एकदम डावी-उजवी झटके देऊ लागतात आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि ॲक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू मंद होऊ द्या. आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नका.

काय जवळ हवे

२ टनांचा जॅक, दोन मजबूत स्टँड, मागच्या चाकांना अडण्या, टॉर्क पाना, मध्यम वजनाच्या दोन हातोड्या, ग्रीस गन, मोजपट्टी, खडू, नव्या स्प्लिट पिना, तारेचा ब्रश आणि टॉर्च. याखेरीज एक माणूस. हे काम एकट्याने होत नाही. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. पावसाळ्यात मातीच्या अंगणात स्टँड रुततो, त्याखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा ठेवा.

सगळ्यात आधी टायरची हवा पाहा. चिखलासाठी १८ पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा परतीच्या डांबरी रस्त्यावर तशीच राहिली, तर स्टिअरिंग ढिलेच लागणार. हे इतके साधे आहे की तपासायचे राहून जाते.

प्ले मोजा, अंदाज करू नका

गाडी सपाट जागी, चाके सरळ. स्टिअरिंगच्या कडेला वरच्या बाजूला एक चिकटपट्टी लावा आणि डॅशबोर्डला टेकवून पट्टी धरा. साधे स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बसवले असेल तर इंजिन चालू. दोन बोटांनी डावीकडे इतके फिरवा की अवरोध जाणवेल, खूण करा. मग उजवीकडे तसेच. दोन खुणांमधले अंतर हा तुमचा प्ले. जिप्सीला १० ते ३० मिमी चालतो. ३० च्या वर गेला तर शोध सुरू करा. आकडा लिहून ठेवा. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो किती उतरला यावरूनच खरा दोषी कळतो.

सांधेतपासणी: एक फिरवतो, दुसरा हात लावतो

यासाठी गाडी चाकांवरच उभी हवी. जॅकवर उचलली तर सांध्यांवरचा भार जातो आणि प्ले लपतो. साथीदाराने स्टिअरिंग पाव फेऱ्याच्या आत डावी-उजवीकडे झपाझप हलवायचे. तुम्ही खाली झोपून प्रत्येक सांध्यावर अशी बोटे ठेवायची की अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर असतील. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटांना कळतो.

क्रम असा ठेवा. स्टिअरिंग शाफ्टच्या तळाशी असलेले रबरी कपलिंग: फाटले किंवा बोल्ट ढिला असेल तर वरचा शाफ्ट फिरतो आणि खालचा उशिरा. नंतर बॉक्स चेसीला जिथे बोल्टने धरला आहे ती जागा. मोठ्या टायरच्या गाड्यांत ही जागा खास पाहायची, कारण ३१ इंची टायर दगडात अडकला की तो सगळा जोर बॉक्सच्या बोल्टांवर आणि चेसीच्या पत्र्यावर येतो. तारेच्या ब्रशने चिखल काढा. बोल्टभोवती केसासारखी तडा, किंवा रंगातून उतरलेला गंजाचा ओघळ दिसला तर चेसी फुटते आहे. साथीदार स्टिअरिंग हलवत असताना बॉक्सच हलतो का ते पाहा. हलत असेल तर नुसते बोल्ट आवळून भागणार नाही. तडेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, ती वेल्ड करून, वर जाड पट्टी लावून घ्यावी लागेल. हे वेल्डिंग चेसीचे काम करणाऱ्याकडूनच करून घ्या.

मग पिटमन आर्मचा (बॉक्समधून निघणारी भुजा) नट, ड्रॅग लिंकची (तिथून चाकांकडे जोर नेणारा दांडा) दोन्ही टोके, टायरॉडची (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) दोन्ही टोके. विलीज वळणाच्या जीपमध्ये मध्ये बेल क्रँक (जोराची दिशा बदलणारी भुजा) असतो, त्याची पिन आणि बुश हा प्लेचा जुना अड्डा आहे. ग्रीस निपल मातीने बुजलेला असतो आणि गन लावूनही ग्रीस आत जात नाही. निपल बदलायला फार तर दहा मिनिटे लागतात.

शेवटी पाट्यांची बुशे आणि शॅकल (पाट्याचे टोक चेसीला जोडणारी हलती कडी). साथीदार स्टिअरिंग हलवतो तेव्हा चाके वळायच्या आधी ॲक्सलच चेसीच्या खाली आडवा सरकतो का? सरकत असेल तर बुशे गेली, किंवा यू-बोल्ट ढिले आहेत. उंच केलेल्या गाडीत यू-बोल्ट पहिल्या ५०० किमीनंतर पुन्हा आवळावेच लागतात, कारण नवे पाटे आणि ठोकळे भाराखाली बसतात. हे काम राहून जाते, आणि मग सेंटर बोल्ट एकट्याने ॲक्सल धरून ठेवतो. तो तुटला की ॲक्सल तिरका.

चाक उचलून: बेअरिंग की किंगपिन?

आता एक पुढचे चाक उचला, ॲक्सलखाली स्टँड लावा. हात चाकाच्या माथ्यावर आणि तळाशी ठेवून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर साथीदाराला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली, तर हब बेअरिंग ढिले आहे. थांबली नाही, तर किंगपिन, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक डावी-उजवीकडे वळते ती. एवढी एक युक्ती माहीत नसल्यामुळे चांगली बेअरिंगे उगाच बदलली जातात.

चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खटखट येत असेल तर ती बहुधा टायरॉड एंडची. दुसऱ्या चाकाकडे लक्ष ठेवा, तेही मागोमाग हलते.

टायरॉड एंड बदलणे

एक गेला असेल तर चारही टोके पाहा, पण बरा असलेला उगाच काढू नका.

१. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट सैल करा, पण दोन-तीन आटे राहू द्या. पूर्ण काढलात तर सांधा सुटताना टायरॉड तोंडावर येईल.

२. शंकूच्या आकाराची पिन आर्मच्या भोकात रुतलेली असते. आटेवाल्या टोकावर ठोकू नका, ते चेपते. आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला एक हातोडी टेकवून धरा आणि दुसऱ्या बाजूने दुसरीने जोरात मारा. दोन-चार घावांत पिन सुटते. दोन टोकांचा फाटा घुसवून काढण्याची पद्धत बूट फाडते. टाकून द्यायच्या एंडलाच ती वापरा.

३. लॉक नट सैल करण्याआधी आट्यांवर खडूने खूण करा आणि एंड काढताना किती फेरे लागले ते मोजा. नवा तितकेच फेरे बसवा. टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे विसरलात तर अर्धा तास जाईल.

४. शंकू आणि भोक कोरडे पुसा. तिथे ग्रीस लावायचे नाही; लावलेत तर पिन गरजेपेक्षा खोल ओढली जाते.

५. नट टॉर्क पान्याने आवळा. जिप्सीच्या एंडला ४० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरते. स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीही नाही. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू नका. पिनची किंमत चहापेक्षाही कमी आहे.

आर्मचे भोक अंडाकार झाले असेल तर नवा एंडही हलणार. तिथे पत्र्याची पट्टी घालून काम भागवलेले अनेकदा दिसते. आर्म बदलणे हाच उपाय.

हब बेअरिंग आणि किंगपिन

हबचे काम करताना आतले ग्रीस बोटावर घ्या. पांढुरके किंवा कॉफीसारखे असेल तर पाणी शिरले आहे. बेअरिंग धुऊन तपासा, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर नवे घाला. जीपच्या टेपर बेअरिंगचा नट हब फिरवत-फिरवत आवळत जा, हब जड लागू लागला की साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या, मग लॉक वॉशर आणि बाहेरचा नट. बाहेरचा नट आवळताना आतला थोडा पुढे सरकतो, म्हणून शेवटी पुन्हा तपासा. जिप्सीचे माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. हब हाताने सहज फिरला पाहिजे आणि आत-बाहेर अजिबात खेळता कामा नये. १० किमी चालवून हबवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक, हात टिकत नसेल तर नट जास्त आवळला आहे.

किंगपिनला शिमा (धातूच्या पातळ चकत्या) असतात. शिमा कमी केल्या की बेअरिंगवर दाब वाढतो आणि खटखट जाते. मायक्रोमीटरने जाडी मोजून लिहून ठेवा. शिमा वर आणि खाली दोन्हीकडे असतील तर दोन्हीकडून सारख्याच काढा, नाहीतर नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) मध्यरेषेपासून सरकून आतल्या शाफ्टच्या सांध्यावर ताण येतो. टायरॉड सोडून, नकल आर्मच्या टोकाला वजनाचा हुक काटा अडकवून ओढा. नकल थोडा जोर लावल्यावर सावकाश फिरला पाहिजे. आपोआप झुलत असेल तर दाब कमी आहे. बेअरिंगच्या कपावर रोलरांचे ठसे उमटले असतील तर शिमांचा उपयोग नाही: नकल मधोमध एका खाचेत अडकतो आणि गाडी सरळ जात नाही. त्याच वेळी नकलच्या गोलावरचा नमद्याचा सील बदला. ओढ्यातले पाणी आत जाते ते तिथूनच.

स्टिअरिंग बॉक्स, सगळ्यात शेवटी

आतापर्यंतचे सगळे सांधे घट्ट झाले आणि प्ले मोजून अजूनही जास्त आला, तरच इकडे या. आधी बॉक्समधले तेल पाहा. ९० नंबरचे गिअर ऑइल असते. तेल गळते म्हणून ग्रीस भरलेले बॉक्स जुन्या जीपमध्ये सापडतात. ग्रीस एकदा बाजूला सरले की परत दातांवर येत नाही. सील बदला, ग्रीस काढा, तेल भरा.

मग ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडा आणि चाके सरळ असतात त्या मधल्या जागी स्टिअरिंग आणा. स्क्रू धरून लॉक नट सैल करा. स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त आवळू नका. प्रत्येक वेळी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर अगदी हलका जडपणा जाणवला तर चालेल, अडखळणे चालणार नाही.

हे बॉक्स मध्यावर मुद्दाम घट्ट आणि टोकांकडे किंचित सैल बनवलेले असतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज मध्यावरच होते. खूप झिजलेल्या बॉक्सचा मध्य घट्ट होईपर्यंत स्क्रू आवळला, तर कमी झिजलेल्या बाजूंना तो जाम होतो. घाटात वळणावर स्टिअरिंग जड होऊन परत न येणे याचे मूळ बहुधा इथे असते. असा बॉक्स उघडून दुरुस्त करायचा किंवा बदलायचा.

उंच केल्यामुळे झालेला बिघाड

सगळे सांधे ठणठणीत आणि तरीही गाडी भटकते? मग भाग नाही, भूमिती बिघडली आहे. उंच केलेल्या गाडीत हेच जास्त वेळा असते, आणि नवे भाग घालून ते बरे होत नाही.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा माथा मागे झुकलेला असणे. सायकलचा पुढचा चिमटा ज्या कारणाने तिरका असतो त्याच कारणाने: चाक आपोआप सरळ होते. जिप्सी आणि जीपमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते. तिथे लांब शॅकल घातले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. शॅकल २ इंच लांब केले तर उंची मिळते जेमतेम १ इंच, पण स्टिअरिंगचा स्वभाव बिघडतो. सौदा वाईट आहे.

उपाय म्हणजे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये २ ते ४ अंशांची पाचर. पाटे ॲक्सलच्या खाली असतील तर जाड बाजू पुढे. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. उलटी बसली तर भटकणे दुप्पट होते. पाचर पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची चेपते आणि फुटते. सेंटर बोल्ट पाचरीइतका लांब लागेल. पाचर लावल्यावर डिफरन्शियलचे नाक खाली जाते, पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर व्हीलमध्ये नवी गरगर ऐकू आली तर पाचर जास्त झाली.

दुसरी गोष्ट ड्रॅग लिंकचा उतार. गाडी उंच झाली की ड्रॅग लिंक तिरकी होते. खड्ड्यात ॲक्सल वर-खाली झाला की ती स्टिअरिंग स्वतःच ओढते. साथीदाराला बंपरवर दाब देऊन गाडी हेलकावायला लावा आणि स्टिअरिंगकडे पाहा. ते हलत असेल तर ड्रॅग लिंक शक्य तितकी आडवी करण्यासाठी योग्य आर्म लावून घ्यावा लागेल. टायरॉड किंवा ड्रॅग लिंक कापून, मध्ये पाइप जोडून वेल्ड करणे, किंवा आर्म तापवून वाकवणे, हे कोणी सुचवले तर गाडी तिथून बाहेर काढा. तो जोड तुटला तर स्टिअरिंग हातात राहते आणि चाके हवी तिकडे जातात.

स्टिअरिंग डॅम्पर थरथर दाबतो, बरी करत नाही. आधी कारण काढा, मग हवा तर डॅम्पर. चाकांचे स्पेसर आणि जास्त बाहेर आलेली रिम किंगपिन व बेअरिंगवरचा ताण वाढवतात. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापासून हटणारे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच विचारेल.

टो घरीच मोजा

टायरॉड एंड बदलला की टो बिघडतोच. दोन्ही टायरच्या मध्यावर, ॲक्सलच्या उंचीला, मागच्या बाजूला खडूने खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर घ्या. गाडी हळूच पुढे ढकलून त्याच खुणा पुढच्या बाजूला तितक्याच उंचीवर आणा, पुन्हा मोजा. पुढचे अंतर २ ते ३ मिमी कमी हवे. जास्त असेल तर चाके बाहेर फाकलेली आहेत आणि गाडी भटकणारच. टायरॉड फिरवून जुळवा, लॉक नट आवळा. स्टिअरिंग तिरके राहिले तर ते ड्रॅग लिंकवर सरळ करा, टायरॉडला पुन्हा हात लावू नका.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, ताशी ४० च्या आत. मग ६०. चोर्ला किंवा अनमोड घाट त्यानंतर. ५० किमी झाल्यावर सगळे नट पुन्हा पान्याने तपासा.

२०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन (बॉक्सऐवजी दातेरी दांड्याचे स्टिअरिंग) आहे. तिच्यात किंगपिन नाही. बॉल जॉइंट, आतले-बाहेरचे टायरॉड एंड, विशबोनची (चाक धरणाऱ्या भुजा) बुशे आणि रॅकच्या माउंटिंगचे रबर पाहायचे. स्पेसर घालून उंच केली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा उभा कल) आणि कॅस्टर अलाइनमेंट यंत्रावरच लावून घ्या, खडूने भागत नाही.

देखभालीची वेळ इथे ठरलेली आहे. मे अखेर सगळ्या निपलना ग्रीस आणि फाटके बूट बदलणे, ऑक्टोबरात हब उघडून पाहणे. हबच्या वर पाणी आलेला ओढा ओलांडला असेल तर ऑक्टोबरची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात उघडा. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा लागला असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, ते वेगळेच.